बेसी स्मिथ : करारातली खोडलेली ओळ

फेब्रुवारी १९२३. मायक्रोफोन अजून स्टुडिओत आलेला नव्हता, भोंग्यात तोंड करून गायचे दिवस. न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीच्या अशाच भोंग्यासमोर बेसी स्मिथ ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका उभी राहिली आणि ‘डाउनहार्टेड ब्लूज’ गायली (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं व्यथा सांगणारं गाणं). पहिल्या सहा महिन्यांत या रेकॉर्डच्या ७ लाख ८० हजार प्रती खपल्या, असं सांगतात. बेसीला ठरलेला दर मिळायचा, रेकॉर्डच्या वापरण्याजोग्या प्रत्येक बाजूमागे १२५ डॉलर. करारात रॉयल्टीचं, म्हणजे खपलेल्या प्रतींमागे वाटा देण्याचं, कलम होतं, पण कंपनीच्या फ्रँक वॉकरने ते खोडून टाकलेलं. बेसीला रोख रक्कम भरपूर वाटली असणार, कारण बेसी आली होती कुठून ते बघा.

टेनेसीतल्या चॅटनूगाची ही मुलगी. आईबाप लहानपणीच गेले. थोरल्या बहिणीने सांभाळलं, आणि भाऊ अँड्र्यू गिटार वाजवायचा त्याच्यासोबत ती रस्त्यावर गायची. १९१२ मध्ये एका फिरत्या कंपनीत शिरली ती नाचणारी म्हणून. गाणारी मा रेनी तिथे आधीच होती. आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखंच ते जग, गावोगाव तंबू ठोकायचा आणि रात्र जागवायची. तंबूत मागच्या रांगेपर्यंत पोचायचं तर आवाज फुप्फुसांतूनच काढावा लागतो. भोंग्यासमोर बेसीला तेच कामी आलं.

१९२० मध्ये कृष्णवर्णीय गायिका मामी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’ने कंपन्यांचे डोळे उघडले होते : काळी माणसंही पैसे मोजून रेकॉर्ड घेतात! (दोघींचं आडनाव एक, नातं काही नाही.) मग ‘रेस रेकॉर्ड्स’ असं नाव देऊन वेगळी बाजारपेठ उभी राहिली. त्या बाजारातली बेसी सर्वांत मोठी. जानेवारी १९२५ मध्ये तिने ‘सेंट लुई ब्लूज’ गायलं, साथीला लुई आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं फुंकायचं वाद्य) आणि चक्क हार्मोनियम. ऐकून बघा : ती ओळ संपवते आणि त्या श्वासाच्या जागेत कॉर्नेट उत्तर देतं. दौऱ्यासाठी स्वतःचा रेल्वे डबाही तिने घेतला. त्यामुळे अमेरिकेच्या दक्षिणेत ‘फक्त गोऱ्यांसाठी’ची पाटी लावणाऱ्या हॉटेलांच्या दारात जायचा प्रश्नच मिटला.

पुढे मंदी आली, बोलपट आले, १९३१ मध्ये कोलंबियाने तिला सोडलं.

२६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपीत, क्लार्क्सडेलच्या वाटेवर, तिची मोटार ट्रकवर आदळली आणि तिचा उजवा हात जवळजवळ तुटला. गोऱ्यांच्या इस्पितळाने दार बंद केलं म्हणून ती दगावली, ही कथा संगीत-समीक्षक जॉन हॅमंडच्या लेखातून पसरली आणि एडवर्ड ऑल्बीच्या नाटकाने पक्की केली. खरं म्हणजे तिला थेट कृष्णवर्णीयांच्याच इस्पितळात नेलं होतं. चरित्रकार ख्रिस अल्बर्टसनने १९७२ मध्ये हे मांडलं, तरी जुनी कथा सुटत नाही.

अंत्ययात्रेला फिलाडेल्फियात हजारोंची गर्दी लोटली. थडग्यावर मात्र दगड नव्हता. त्यासाठी जमवलेले पैसे दुरावलेल्या नवऱ्याने, जॅक गीने, खिशात घातले, असं अल्बर्टसन नोंदवतो. ऑगस्ट १९७० मध्ये, तब्बल ३३ वर्षांनी, दगड लागला. खर्च दोघींनी वाटून घेतला : एक गायिका जॅनिस जॉप्लिन, दुसरी हुआनिता ग्रीन. लहानपणी ही हुआनिता बेसीच्या घरी कामाला जायची.