भुट्ट्यावरच्या केशरी बुरशीचं घड्याळ

पावसाळ्यात वरळी सी फेसला भुट्टेवाल्याच्या मागे खाऊन टाकलेल्या कणसांचा ढीग असतो ना, तो दोन-तीन दिवसांनी नीट बघा. काही कणसांवर गडद केशरी भुकटी धरलेली दिसते, बोट लावलं की रंग बोटाला येतो. ही बहुतेक न्यूरोस्पोरा. शेगडीवर बाकीच्या बुरशा मरतात पण हिचे झोपलेले बीजाणू मात्र उष्णतेनेच जागे होतात.

आणि हिला वेळ कळते! डोळे नाहीत, मेंदू नाही, तरीही. १९५९ मध्ये जीवशास्त्रज्ञ पिटेंड्रिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. बघायची पद्धत एकदम साधी आहे, दोन्ही टोकं वर वाकवलेली लांब काचेची नळी घ्यायची, आत अगारचा (बुरशी जिच्यावर वाढते त्या जेलीचा) थर, एका टोकाला बुरशी लावायची आणि पूर्ण अंधारात ठेवून द्यायची. बुरशी पुढे सरकत जाते आणि वाटेत दाट केशरी पट्टा उमटतो, मग विरळ भाग, मग परत पट्टा, असं दिवसेंदिवस, साधारण दर २२ तासांनी एक. पृथ्वीच्या फिरण्यातून काही इशारा मिळत असेल का अशी शंका होती म्हणून १९८३ मध्ये अशा नळ्या कोलंबिया यानातून अंतराळात नेल्या, तिथेही पट्टे पडले.

घड्याळ चालतं कसं? 'व्हाइट कॉलर' नावाची दोन प्रोटीन्स जोडीने 'फ्रिक्वेन्सी' हे जीन चालू करतात, त्यातून तयार झालेलं प्रोटीन उलट त्याच जोडीला गप्प करतं. मग त्या प्रोटीनवर तासन् तास एकेक करून फॉस्फेट (छोटे रासायनिक गट) चिकटत राहतात, शेवटी ते मोडीत निघतं, जोडी मोकळी होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की ह्या एका जीनमध्ये बदल झाला की दिवसाची लांबीच बदलते, एका म्युटंटचा दिवस १६ तासांचा तर दुसऱ्याचा २९ तासांचा.

आता २२ तासांचं घड्याळ २४ तासांच्या जगात रोज दोन तास पुढे जाणार, नाही का? पण त्या जोडीतलं एक प्रोटीन स्वतःच निळा प्रकाश टिपतं. त्यामुळे सी फेसवर उजाडलं की त्या कणसावरचं घड्याळ रोज सकाळी परत जुळवलं जातं.