लाल औषधाचा हिशेब

केमोथेरपीच्या वॉर्डात डॉक्सोरुबिसिन हे नाव फारसे कोणी उच्चारत नाही. रुग्ण आणि नातेवाईक त्याला सरळ ‘लाल केमो’ म्हणतात. परिचारिका चालू सलाइनच्या नळीतून हे औषध सिरिंजने सावकाश सोडते, मध्येच थांबून शिरेतून रक्त मागे येते की नाही हे तपासते आणि मग पुन्हा थोडे पुढे ढकलते. या सावकाशीला कारण आहे. औषध शिरेबाहेर झिरपले, तर त्या जागेची त्वचा आणि खालचे मांस जळून चिघळते, क्वचित त्वचारोपणाचीही वेळ येते. म्हणून सुईच्या जागी किंचितही चुरचुरले, आग झाली किंवा सूज दिसली, तर रुग्णाने ‘उगाच कशाला त्रास द्यायचा’ असा संकोच न करता त्याच क्षणी सांगावे. अशा वेळी औषध तत्काळ थांबवून ती जागा थंड ठेवतात, आणि डेक्सराझॉक्सेन हा उतारा द्यायचा ठरल्यास तो सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो.

हे औषध मातीतून आले आहे. इटलीत कास्तेल देल मोन्ते या तेराव्या शतकातील किल्ल्याजवळच्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस कुळातील एक जिवाणू सापडला, त्याच्यापासून आधी डॉनोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध आणि पुढे त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणापासून डॉक्सोरुबिसिन मिळाले. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन हे नाव पडले. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, हाडांचे आणि स्नायूंचे सार्कोमा नावाचे कर्करोग अशा अनेक आजारांत ते आजही वापरले जाते.

पेशी दुभंगताना डीएनएचे पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज हे विकर (एन्झाइम) त्याचे धागे कापते आणि पुन्हा जोडते. डॉक्सोरुबिसिन डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरून हे जोडकाम अडवते, आणि तुटक्या धाग्यांनिशी पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या निरोगी पेशींनाही हाच फटका बसतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांत केस गळतात, तोंड येते, मळमळते. औषध घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. तो औषधाचाच रंग असतो, रक्त नव्हे, आणि हे आधी सांगितले नाही तर घरात मोठी घबराट होते.

खरा धोका साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी असतो, कारण तेव्हा रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत पोहोचला, तर घरच्या घरी तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. मुंबईत केमो घेऊन कोकणातल्या किंवा विदर्भातल्या गावी परतणाऱ्यांनी, रात्री-अपरात्री ताप आला तर जवळच्या कोणत्या रुग्णालयात जायचे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. औषधाचा काही अंश लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतो, म्हणून निदान ४८ तास ही सफाई हातमोजे घालून करावी, मळलेले कपडे वेगळे धुवावेत, आणि घरात गरोदर स्त्री असेल तर हे काम तिच्यावर टाकू नये.

हे सारे त्रास बहुतेकांच्या बाबतीत ओसरतात. हृदयाचे मात्र तसे नाही. हृदयाच्या स्नायूपेशी जवळजवळ नव्याने तयार होत नाहीत, त्यामुळे प्रत्येक डोसाची इजा आधीच्या इजेवर साचत जाते. या औषधाच्या तीन वैद्यकीय प्रयोगांतील रुग्णांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले, की एकूण डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर ४०० मिलिग्रॅम झाला तेव्हा शंभरातील सुमारे ५ जणांचे हृदय निकामी होऊ लागले होते, आणि ५५० ला हे प्रमाण २६ वर गेले. म्हणूनच आयुष्यभराची मर्यादा साधारण ४५० ते ५५० धरतात. छातीवर किरणोपचार झाले असतील किंवा हृदय आधीच कमजोर असेल, तर ती आणखी खाली येते. उपचारापूर्वी आणि नंतरही इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात तो याचसाठी, आणि रक्तातले बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) वाढलेले असेल तर डोस कमी करतात, कारण हे औषध मुख्यतः यकृतावाटे बाहेर पडते.

समजा, स्तनाच्या कर्करोगासाठी एका बाईंना प्रत्येक वेळी प्रति चौरस मीटर ६० मिलिग्रॅम असे चार डोस मिळाले. त्यांच्या खात्यावर २४० जमा झाले, आणि हा आकडा दहा वर्षांनी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा उपचारांची वेळ आली तरी २४० च राहतो. जुनी फाइल हरवली असेल, तर नव्या डॉक्टरांनी कशाच्या आधारावर ठरवायचे? माझ्या मते केमो संपल्यावर रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदांत हा एकूण आकडा सर्वांत मोलाचा आहे, आणि तो नुसता मिलिग्रॅममध्ये नव्हे, प्रति चौरस मीटर असा लिहून मागून घ्यावा. त्याचा फोटो मुलाच्या किंवा भावाच्याही फोनमध्ये असू द्यावा.

लहानपणी हे औषध घेतलेल्यांसाठी तर हा कागद अधिकच गरजेचा आहे, कारण त्यांच्यात हृदयाचा त्रास पंधरा-वीस वर्षांनीही उद्भवू शकतो आणि तोवर बालपणीचे आजारपण त्यांना स्वतःला नीटसे आठवतही नसते. गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो; अशा मुलीने पहिल्याच तपासणीला तो आकडा प्रसूतितज्ज्ञांसमोर ठेवला, तर इको वेळेवर होतो.