विभाग-संपादन साधन (एआय एजंटांसाठी)

विभाग-संपादन साधन : सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमधील अख्खी फाइल न बदलता तिचा एखादाच विभाग वाचणे, बदलणे, वाढवणे किंवा काढून टाकणे एआय एजंटला (भाषा-मॉडेलच्या आधारे स्वतः कामे पार पाडणाऱ्या प्रोग्रामला) शक्य करून देणारे साधन. विभाग म्हणजे एक शीर्षक आणि त्याखालचा मजकूर. कोणता विभाग आणि त्या जागी कोणता मजकूर, एवढेच एजंट सांगतो. विभागाची हद्द शोधणे, नवा मजकूर बसवणे आणि बाकीची फाइल जशीच्या तशी राखणे ही जबाबदारी साधनाची.

या साधनाचे मूळ कोठे धरायचे याविषयी दोन मते संभवतात. एक मत ते ओळ-संपादकांच्या परंपरेत धरते. केन टॉम्पसन यांच्या ‘ईडी’ या युनिक्स संपादकात (१९६९) ओळ क्रमांकाने किंवा तिच्यातील अक्षरांचा नमुना देऊन गाठता येई. लॅरी वॉल यांच्या ‘पॅच’ या फाइलींत बदल बसवणाऱ्या प्रोग्रामने (१९८५) बदलाच्या आजूबाजूच्या ओळींवरून, मजकूर वरखाली सरकला असला तरी, नेमकी जागा हुडकण्याची सोय केली. ‘जुना मजकूर द्या, त्याऐवजी नवा द्या’ ही आजच्या एजंटांची पद्धत याच घराण्यातली. दुसरे मत विकीकडे, म्हणजे वाचकांनाच संपादित करता येणाऱ्या वेबपानांकडे, बोट दाखवते. वॉर्ड कनिंगहॅम यांच्या पहिल्या विकीत (१९९५) पान हेच संपादनाचे एकक होते. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी सॉफ्टवेअरमध्ये साधारणतः २००३ च्या सुमारास शीर्षकाशेजारी संपादनाचा स्वतंत्र दुवा आला आणि विभागांना क्रमांक मिळाले. प्रस्तावना शून्य, मग १, २, ३ असे ते चालतात.

दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र विभागाला पत्ता कसा द्यायचा हा प्रश्न त्याहून जुना आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे दाखवलेल्या एनएलएस या संगणक प्रणालीत दस्तऐवज उतरंडीने मांडलेल्या विधानांचा बनलेला असे. प्रत्येक विधानाला त्याचे स्थान सांगणारा क्रमांक मिळे. वर एखादे नवे विधान घातले की खालचे क्रमांक सरकत. म्हणून या प्रणालीच्या पुढील विकासात विधानाला कधीही न बदलणारा ओळख-क्रमांकही देण्यात आला. स्थान आणि ओळख यांतला हा भेद आजच्या साधनांपुढेही तसाच उभा आहे. त्यामुळे मूळ एनएलएसपर्यंत मागे नेणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रकल्पांचे डॉक्युमेंटेशन आज बहुतांशी मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातच चिन्हांनी मांडणी दाखवून, लिहिले जाते. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या लेखनपद्धतीत शीर्षकाला अंगचा असा कायम ओळख-क्रमांक नाही. पत्ता शीर्षकाच्या शब्दांवरूनच बनवावा लागतो. एकाच फाइलमध्ये ‘वापर’ हे शीर्षक दोनदा आले की तो अपुरा पडतो. म्हणून काही साधने ‘स्थापना, त्याखाली लिनक्स’ असा वरपासूनचा पूर्ण मार्ग मागतात. शीर्षकाचे शब्द बदलले की मात्र पत्ता आणि त्याकडे येणारे दुवे दोन्ही तुटतात.

विभाग कोठे संपतो, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. समान किंवा वरच्या पातळीचे पुढचे शीर्षक येईपर्यंत तो चालू राहतो, असा सर्वसाधारण संकेत आहे. मार्कडाउनमध्ये शीर्षकाच्या आधी हॅश चिन्ह (#) असते आणि शेल आज्ञांमध्ये टिप्पणीही त्याच चिन्हाने सुरू होते. ‘स्थापना’ विभागात तीन बॅकटिकांमधला (```) कोड ब्लॉक आहे आणि त्याच्या मध्यावर ‘# आधी जुनी आवृत्ती काढा’ अशी टिप्पणी आहे, असे समजू. केवळ ओळीचे पहिले चिन्ह पाहणारे साधन त्या टिप्पणीलाच नवे शीर्षक मानते आणि विभाग तेथेच संपवते. एजंटचा नवा मजकूर वरच्या अर्ध्या भागाच्या जागी बसतो. जुन्या ब्लॉकचा खालचा अर्धा भाग, शेवटच्या बॅकटिकांसह, तसाच उरतो. ब्लॉक बंद करणारे ते बॅकटिक आता नवा ब्लॉक उघडतात आणि त्यापुढचे साधे परिच्छेद कोड म्हणून दिसू लागतात. हे टाळायचे तर ओळी चाळून भागत नाही; फाइलचे व्याकरणशुद्ध विश्लेषण करूनच हद्द ठरवावी लागते. मार्कडाउनचे असे काटेकोर विनिर्देशन देण्याचा प्रयत्न २०१४ पासून कॉमनमार्कने केला आहे.

एजंटने विभाग वाचल्यानंतर आणि लिहिण्याआधी दुसऱ्या कोणी तो बदलला, तर तो बदल नकळत पुसला जातो. यावरचा उपाय वेबकडून घेतलेला आहे. वाचताना मजकुराचा हॅश (वरच्या # चिन्हाशी संबंध नसलेला, मजकुरावरून काढलेला ओळखीचा संकेत) द्यायचा, लिहिताना तोच परत मागायचा आणि जुळला नाही तर लेखन नाकारायचे. एचटीटीपी या वेबवरील देवाणघेवाणीच्या नियमसंचातील ईटॅग आणि ‘इफ-मॅच’ हे शीर्षलेख याच तत्त्वावर चालतात. तेथे न जुळल्यास ४१२ हा संकेतांक येतो. नकाराचा संदेशही विचारपूर्वक लिहावा लागतो. ‘विभाग सापडला नाही’ एवढ्यावर एजंट अंदाज बांधू लागतो. सोबत फाइलमधील शीर्षकांची यादी दिली तर पुढचा प्रयत्न बहुधा अचूक पडतो.

अशी साधने एजंटला जोडण्याचा एक प्रचलित मार्ग म्हणजे अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. त्यात साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला लागणाऱ्या माहितीचा साचा घोषित केला जातो.

जुन्या मजकुराच्या जागी नवा देण्याच्या पद्धतीत जुना मजकूर अक्षरशः जुळावा लागतो आणि फाइलमध्ये तो एकदाच आलेला असावा लागतो. विभागवार पद्धतीत ही अट नाही, पण तिचा धोका वेगळा आहे. लांबलचक विभाग पुन्हा लिहिताना मॉडेल एखादी सूचना गाळते किंवा ‘बाकी पूर्वीप्रमाणे’ एवढेच लिहून मोकळे होते आणि साधन तेच वाक्य इमानाने फाइलमध्ये बसवते. वर्षानुवर्षे अनुभवातून जमा झालेली एखादी टीप अशी हरवली, तर ती होती हे पुढे कोणाला कळतही नाही. म्हणून लिहिण्याआधी जुन्या-नव्याचा फरक दाखवणारे साधन अधिक भरवशाचे मानावे.

प्रकल्पांत एजंटांसाठीच लिहिलेल्या सूचना-फाइलींना वेगळी वागणूक दिली जाते. ‘एजंट्स डॉट एमडी’ ही त्यांपैकी अलीकडे रूढ झालेली फाइल. तिच्यातील विभाग एका एजंटने बदलला, की तो पुढच्या एजंटसाठी आदेश ठरतो. बाहेरून आलेल्या मजकुरात दडवलेला हुकूम, म्हणजेच प्रॉम्प्ट इंजेक्शन, या वाटेने प्रकल्पात कायमचा मुक्काम करू शकतो. त्यामुळे अशा फाइली साधनाला केवळ वाचू देणे आणि त्यांतील प्रत्येक बदल माणसाच्या मंजुरीनंतरच नोंदवणे, ही दक्षता घेतली जाते.