टॅलाडेगा २०११ : वितीएवढ्या निकालामागची चार दशकं

१७ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, टॅलाडेगा सुपरस्पीडवेवर झालेली नॅसकार या मोटार शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मुख्य मालिकेतली शर्यत जिमी जॉन्सनने जिंकली. दुसरा आलेला क्लिंट बॉयर ०.००२ सेकंदांनी मागे होता. वेग ताशी ३०० किलोमीटर धरला, तर तेवढ्या वेळात गाडी १७ सेंटिमीटर सरकते. १८८ फेऱ्या, ८०० किलोमीटर धाव आणि फरक वीतभरही नाही. त्या दिवशी आघाडी ८८ वेळा बदलली आणि २६ ड्रायव्हरांनी कधी ना कधी ती घेतली.

आकडे थक्क करणारे आहेत. पण टॅलाडेगावर गाड्या अशा खेटून धावतात, ते केवळ ड्रायव्हरांच्या ईर्षेमुळे नव्हे. १९८७ साली इथेच एक अपघात झाला आणि त्यानंतर इंजिनांचा श्वास आवळण्यात आला. ही चुरस मुख्यतः त्या उपायाची देणगी आहे.

नॅसकारचा संस्थापक बिल फ्रान्स याला मोठ्या, कललेल्या ट्रॅकचं वेड होतं. फ्लोरिडातला त्याचा अडीच मैलांचा डेटोना ट्रॅक १९५९ मध्ये सुरू झाला, आणि तिथल्या ‘डेटोना ५००’ या शर्यतीच्या पहिल्याच खेपेने पुढे काय वाढून ठेवलंय याची चुणूक दाखवली. अंतिम रेषेवर तीन गाड्या शेजारी शेजारी होत्या. त्यातली एक फेरीने मागे असल्याने निकालात नव्हती. उरलेल्या दोघांपैकी जॉनी बोशाँला विजेता ठरवलं गेलं. मग फोटो आणि बातमीपटाची फिल्म तपासून तीन दिवसांनी विजय ली पेटीला देण्यात आला. पुढच्याच वर्षी ज्युनियर जॉन्सनच्या लक्षात आलं की आपली गाडी कमी ताकदीची असली, तरी पुढच्या गाडीला चिकटून राहिलं की तीही त्याच वेगाने पळते. ट्रकच्या मागे सायकल धरणाऱ्या कुणालाही यातली गंमत समजावून सांगावी लागणार नाही. पुढची गाडी हवा फाडते, मागचीला वाट मोकळी मिळते. पुढचीलाही थोडा फायदा होतोच, कारण तिला मागे ओढणारी हवेची पोकळी मागच्या गाडीमुळे भरून निघते. याच ड्राफ्टिंगवर ज्युनियरने १९६०ची डेटोना ५०० जिंकली.

मग १९६९ मध्ये टॅलाडेगा आला. लांबी २.६६ मैल, वळणं ३३ अंशांनी कललेली. इतक्या कलामुळे वळणावरही ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा लागत नाही. वेग इतका चढला की सरावातच टायर चिरफाळू लागले. रिचर्ड पेटीच्या पुढाकाराने नामवंत ड्रायव्हर गाड्या घेऊन निघून गेले, पण फ्रान्स बधला नाही. दुय्यम गटातल्या गाड्या घालून त्याने शर्यत उरकलीच. ती जिंकली रिचर्ड ब्रिकहाउसने. व्यवस्थापकांचा हट्ट आणि ड्रायव्हरांची भीती यांची ओढाताण या ट्रॅकवर पहिल्या दिवसापासून आहे.

१९८७च्या मे महिन्यातल्या शर्यतीसाठी बिल एलियटने पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे ३४२ किलोमीटरहून अधिक वेग नोंदवला. शर्यतीत अलाबामाच्याच बॉबी ॲलिसनची गाडी टायर फुटून उलटी फिरली, मागच्या बाजूने हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांपुढच्या तारेच्या कुंपणावर आदळली. कुंपण फाटलं, काही प्रेक्षक जखमी झाले. गाडी गर्दीत शिरली नाही, हे नशीबच. दुरुस्ती करून शर्यत पुढे चालली आणि जिंकली कोणी, तर बॉबीच्या मुलाने, डेव्हीने. त्याचा तो कारकिर्दीतला पहिला विजय.

१९८८पासून डेटोना आणि टॅलाडेगावर रिस्ट्रिक्टर प्लेट आली. कार्बोरेटरखाली बसवायची, चार भोकांची धातूची पातळ पट्टी. भोकं लहान, हवा कमी, ताकद कमी. वेग उतरला, पण त्याबरोबर गाड्यांमधला फरकही पुसला गेला. एकट्याने निसटून जायला लागणारी जादा ताकद कुणाकडेच उरली नाही. सगळे सतत पूर्ण ॲक्सिलरेटरवर, तीस-चाळीस गाड्यांचा एकच घोळका, आणि एक घसरली की दहा-वीस तिच्यावर. हा उपाय की नवा धोका, यावर ड्रायव्हर तेव्हापासून कुरकुरत आले आहेत आणि माझ्या मते त्यांची कुरकुर रास्त आहे. २००९च्या एप्रिलमध्ये याच ट्रॅकवर, शेवटच्या फेरीत ब्रॅड केसलॉवस्कीशी टक्कर होऊन आघाडीवरचा कार्ल एडवर्ड्स हवेत उडाला आणि पुन्हा कुंपणावर गेला. पुन्हा प्रेक्षक जखमी. दोन्ही गाड्यांत प्लेट होतीच. एडवर्ड्स गाडीतून उतरला आणि धावत जाऊन अंतिम रेषा पायांनी ओलांडून आला.

२०११पर्यंत खेळ आणखी बदलला होता. तेव्हाच्या गाड्यांचे पुढचे-मागचे बंपर एकमेकांना नेमके जुळत, त्यामुळे एक गाडी दुसरीला वळणातही ढकलत नेऊ शके. अशी जोडी मोठ्या घोळक्यापेक्षा वेगवान. अडचण एकच : मागच्या गाडीच्या रेडिएटरला हवा मिळत नाही, इंजिन तापतं, म्हणून जागा आलटून पालटून घ्याव्या लागतात. मागच्याला पुढचं काही दिसतही नाही. तो रेडिओवरच्या आवाजावर भरवसा ठेवून ढकलत राहतो. मला हा प्रकार शर्यतीपेक्षा युगुलगीताच्या जवळचा वाटतो, पण अंगावर काटा आणणारा, हे मान्य.

शेवटच्या फेरीत अशा चार जोड्या उरल्या, चारही आपापल्या संघाच्या. बॉयरला केविन हार्विक ढकलत होता, जेफ गॉर्डनला मार्क मार्टिन, एडवर्ड्सला ग्रेग बिफल. आतल्या बाजूने येणाऱ्या जॉन्सनमागे होता डेल अर्नहार्ट ज्युनियर. टॅलाडेगाच्या प्रेक्षकांचा हा लाडका, इथे पाच वेळा जिंकलेला, पण जून २००८पासून कुठेच न जिंकलेला. त्याने स्वतःचा डाव न खेळता सहकाऱ्याला ढकललं. टॅलाडेगाची अंतिम रेषा स्टँडच्या मधोमध नाही, पहिल्या वळणाकडे बरीच पुढे सरकवलेली आहे. चौथ्या वळणातून बाहेर पडल्यावर मागून येणाऱ्याला मुसंडीसाठी जादा अंतर मिळतं, आणि जॉन्सनला तेच उपयोगी पडलं. अर्नहार्ट चौथा आला. विजयाचा चौकटीचा झेंडा जॉन्सनने त्याला देऊन टाकला.

८८ बदलांच्या आकड्याने मात्र फार भारावून जाऊ नये. अशा ट्रॅकवर पुढे असणं हे बऱ्याचदा ओझंच असतं आणि शेवटच्या काही फेऱ्यांपर्यंत आघाडी कुणाला जपायची नसते.

पुढच्याच वर्षी नॅसकारने रेडिएटरकडे हवा जाण्याचं तोंड लहान केलं आणि ड्रायव्हरांना आपापसांत रेडिओवर बोलायला बंदी केली. जोड्या मोडल्या, घोळका परतला. २०१९च्या डेटोना ५००नंतर प्लेटही निवृत्त झाली. तिच्या जागी निमुळत्या भोकांचा स्पेसर आला, काम तेच.

०.००२ सेकंद हा नॅसकारच्या मुख्य मालिकेत इलेक्ट्रॉनिक वेळनोंदीतला तेव्हाचा सर्वात कमी फरक, पण टॅलाडेगाचा एकट्याचा नव्हे. २००३ मध्ये डार्लिंग्टनला रिकी क्रेव्हनने कर्ट बुशला तेवढ्याच फरकाने हरवलं होतं, तेही प्लेटशिवाय, घासत-आदळत. आणि ५ मे २०२४ रोजी कान्ससच्या दीड मैलाच्या ट्रॅकवर काइल लार्सनने क्रिस बुशरला ०.००१ सेकंदाने मागे टाकलं. तो विक्रमही टॅलाडेगासारख्या सुपरस्पीडवेच्या वाट्याला आला नाही.