खातं बंद झालं म्हणजे सगळं संपलं? तसं नाही

‘सोशल मीडिया कंपनीने आपलं खातं बंद केलं की विषय संपला’ हा समज चुकीचा आहे. भारताच्या 2021 च्या आयटी नियमांनुसार खातं बंद केल्याची तक्रारही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करता येते. पोच 24 तासांत मिळायला हवी. ॲपमधलं अपीलचं बटण दाबून वाट बघत बसू नका, अधिकाऱ्याच्या पत्त्यावर लेखी ईमेल करा. ‘धोरणाचा भंग’ एवढंच कळवलं असेल तर कोणती पोस्ट, कोणतं कलम, कोणती तारीख, हे नेमकं विचारा. आरोप त्यांचा, तपशीलही त्यांनीच द्यावा. नोटिशीचा स्क्रीनशॉट जोडा. उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते.