गोळी सोडल्याची साक्ष

चर्चमध्ये ‘साक्ष’ द्यायला कोणी उभं राहिलं की मंडळी सावरून बसते. नोकरी लागली, पोरीचं लग्न जमलं, पोटातली गाठ विरघळली. प्रभूने काय केलं ते चारचौघांत सांगायचं. नागपुरात सदरकडच्या जुन्या चर्चांमध्ये हा प्रकार बेताचाच. भाड्याच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या गच्चीवर शेड टाकून भरणाऱ्या मंडळ्यांमध्ये जास्त. त्यातली एक साक्ष ठरावीक साच्याची असते: “आठ वर्षं मी डोक्याच्या गोळ्या खात होते. पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मी घरी गेले आणि सगळ्या गोळ्या फेकून दिल्या. तीन आठवडे झाले, मला काहीच त्रास नाही.” हालेलुयाचा गजर होतो.

अशी साक्ष देणारी बाई खोटं बोलत नसते. तिला खरोखरच बरं वाटत असतं, आणि का वाटत असतं हे औषधशास्त्राला चांगलं ठाऊक आहे.

भास आणि भलते संशय येणाऱ्या स्किझोफ्रेनियासारख्या आजारावरच्या गोळ्यांची किंमत रोगी रोज मोजतो. सकाळी डोळे उघडत नाहीत, वजन वाढतं, हात थरथरतात, चेहऱ्यावरचे भाव आटून जातात. गोळी थांबली की आधी पळतात ते हे त्रास, आणि तेही काही दिवसांत. आजार मात्र तेवढ्या घाईने परतत नाही. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साडेसहा हजारांच्या आसपास रुग्ण होते. औषध चालू राहिलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार वर्षाच्या आत उलटला. औषध काढून नुसती पिठाची गोळी दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ६४ टक्के होतं. दोन्ही आकडे डोळे उघडे ठेवून वाचावेत. गोळी घेऊनही चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक पुन्हा आजारी पडले, म्हणजे औषध रामबाण नाही. आणि गोळीविना छत्तीस टक्के लोक वर्षभर तगले. याचा अर्थ काही साक्षी वर्षभर खऱ्या राहतात, आणि नेमक्या त्याच गावोगाव सांगितल्या जातात. उरलेले चौसष्ट टक्के माइकपुढे येत नाहीत. ते कुठे गेले असं कोणी विचारलं तर “विश्वासात कमी पडले” हे उत्तर तयार असतं, आणि माझा राग आहे तो या उत्तरावर. गोळी सोडायला सांगणारा मोकळा राहतो, दोष आजारी माणसाच्या पदरात पडतो.

गोळी एकदम तोडल्यावर मेंदूत काय होतं? ही औषधं डोपामिन नावाच्या रसायनाची ग्राहक-स्थळं अडवतात. महिनोन्महिने अडवणूक झाली की मेंदू आपल्या परीने जुळवून घेतो, ही स्थळं वाढवतो, जास्त संवेदनशील करतो. बंद दाराला खांदा लावून कोणी रेटत असावं आणि आतून अचानक कडी काढावी, तसा मग प्रकार होतो. हळूहळू, आठवड्या-महिन्यांत मात्रा उतरवली तर मेंदूला पुन्हा जुळवून घ्यायला वेळ मिळतो. बायपोलर आजारातल्या (यात उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येतात) लिथियम या औषधाचंही तसंच: एका झटक्यात बंद केलं तर पुढच्या काही महिन्यांत उन्माद उसळण्याचा धोका चांगलाच वाढतो, सावकाश उतरवलं तर कमी राहतो.

नैराश्यावरच्या गोळ्यांची तऱ्हा थोडी निराळी. पॅरॉक्सेटिन शरीरातून चटकन निघून जातं, फ्लुऑक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. पॅरॉक्सेटिन एकदम सोडलं की दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं, कारण नसताना रडू, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. हे काहीच माहीत नसलेल्या घरात यावर दोनच निदानं होतात. एक, “पाहा, गोळीची सवय लागली होती.” दुसरं, “बाहेरचं आहे, आता लढतंय.” दोन्ही चूक. अल्प्राझोलामसारख्या चिंतेच्या आणि झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, हे खरं. नैराश्याच्या गोळ्यांसाठी मात्र जीव तळमळत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. औषध अचानक गेल्याने शरीर फक्त गडबडतं. पण आपल्याकडे सगळ्यालाच ‘झोपेची गोळी’ म्हणायची पद्धत पडली आहे, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्येसुद्धा.

आता धर्माकडे वळू, कारण गोळी सोडा असं ख्रिस्ती धर्म सांगतो हा समज आत आणि बाहेर दोन्हीकडे आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक हा स्वतः वैद्य. प्रेषित पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. हाच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. नुसती प्रार्थना कर म्हणत नाही. कॅथलिक बायबलमधल्या सिराकच्या ३८व्या अध्यायात तर देवानेच जमिनीतून औषधं निर्माण केली आणि शहाणा माणूस ती तुच्छ मानत नाही, असं सरळ लिहिलं आहे. (प्रोटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नाही, त्यामुळे पास्टरांपुढे हा दाखला चालत नाही.) एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही; दोनदा जेवू घालतो आणि मध्ये झोपू देतो. नैराश्याच्या रुग्णाशी पहिल्या दिवशी कसं वागावं याचा याहून बरा धडा मला माहीत नाही.

भुताखेतांचा भागही टाळून चालणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात बऱ्या झालेल्यांच्या यादीत भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी वेगळे आहेत. सतराव्या अध्यायात मात्र फेफरं येणाऱ्या मुलातून भूत काढल्याची गोष्ट येते. म्हणजे सीमारेषा ग्रंथातच पुसट आहे. कॅथलिक चर्चने निदान कागदावर ती ठळक केली: अधिकृत धर्मशिक्षणग्रंथ म्हणतो की आजार, विशेषतः मानसिक आजार, ही अगदी वेगळी बाब आहे आणि त्यावरचे उपचार हे वैद्यकशास्त्राचं काम आहे. भूत काढण्याच्या विधीला बिशपची परवानगी लागते, आणि त्याआधी हा आजार नाही याची खात्री करून घ्यावी लागते. मानसिक आजार झालेल्या माणसातही देवाची प्रतिमा कायम असते, असं पोप जॉन पॉल दुसरे १९९६ साली म्हणाले होते. प्रोटेस्टंट जगात असा एक दरबार नाही, त्यामुळे तिथे मतंही शंभर. अमेरिकेत १९७०च्या सुमारास जे ॲडम्स या पाळकाने मानसोपचारावरच हल्ला चढवला: शरीराचा दोष असेल तर डॉक्टरकडे जा, नाहीतर मूळ पापात शोधा. तिथलं हे वारं अजून पुरतं निवलेलं नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या लाइफवे संस्थेने पाहणी केली, तेव्हा इव्हँजेलिकल (बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट) म्हणवणाऱ्यांपैकी ४८ टक्के लोक म्हणाले की गंभीर मानसिक आजारसुद्धा केवळ प्रार्थना आणि बायबलवाचनाने हटू शकतो.

भारतातला ख्रिस्ती इतिहास मात्र या वाटेने गेलेला नाही. लखनौचं ‘नूर मंझिल’ हे मानसोपचार केंद्र १९५० साली ई. स्टॅन्ली जोन्स या मेथॉडिस्ट मिशनऱ्याने उभं केलं. तरुणपणी भारतात आल्यावर तो स्वतः मनाने पार कोसळला होता, आणि आपण लखनौच्या चर्चमध्ये प्रार्थनेत सावरलो असं तो सांगे. प्रार्थनेने बरा झालेल्या माणसाने दुसऱ्यांसाठी दवाखाना बांधला! वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजचं मानसिक आरोग्य केंद्र १९५७चं, डॉ. फ्लॉरेन्स निकोल्स यांनी सुरू केलेलं. रुग्णासोबत घरच्या माणसालाही तिथे राहायला ठेवून घेत. आपल्याकडेही मिशन आणि विज्ञान यांचं वाकडं नव्हतं. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपूरकर रोज पाहतात ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली धर्मप्रसाराला इथे आले आणि विदर्भातले दगड-जीवाश्म गोळा करत हिंडले. एका खनिजाला त्यांचं नाव आहे.

हल्ली प्रवचनांत एक नवा मुद्दा येतो. “शास्त्रज्ञच म्हणाले की नैराश्यात सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी नसतं, मग गोळी कशाला?” यातला पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे. २०२२ साली एका मोठ्या आढाव्याने दाखवलं की सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे नैराश्य येतं याला ठोस पुरावा नाही. पण औषध कसं काम करतं हे माहीत नसणं आणि औषध काम न करणं या दोन गोष्टी आहेत. २०१८च्या एका अभ्यासात २१ औषधांच्या ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण तपासले गेले. सगळी औषधं पिठाच्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण फरक सरासरीत माफकच होता. हा माफकपणा लपवू नये. मानसोपचारातली बरीच औषधं तर अपघाताने सापडली. १९५२च्या सुमारास न्यूयॉर्कच्या टीबी रुग्णालयात इप्रोनायझिड देताना मरगळलेले रुग्ण एकदम हुशारले, आणि काही वर्षांतच ते नैराश्यावर वापरलं जाऊ लागलं. तत्त्व आधी आणि गोळी नंतर, असा क्रम या शास्त्रात क्वचितच राहिला.

मग प्रार्थनेचं काय? तिचाही अभ्यास झाला आहे, आणि त्यातली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट अशी: देव सोबत आहे असं वाटणाऱ्या आजारी माणसाला ती श्रद्धा बळ देते, देवाने टाकलं किंवा शिक्षा केली असं वाटणाऱ्याला तीच श्रद्धा पोखरते. अमेरिकेत केनेथ पर्गामेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या ५९६ वयस्कर रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. देवाचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, हा सैतानाचा घाला आहे, असं मानणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका वाढलेला आढळला. त्यांचा अहवाल २००१ साली आला. म्हणजे आजारी पोराच्या उशाशी बसून “तुझ्या पापामुळे” म्हणणं हे नुसतं निर्दयपणाचं नाही, अपायकारकही आहे. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता: पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूचं उत्तर, कोणाचंच नाही.

कधी कधी ‘बाहेरचं’ हे अगदी आतलं निघतं. धडधाकट तरुणी आठवड्याभरात बडबडू लागते, ओरडते, ओळखत नाही, तोंड वेडंवाकडं करते, मग ताठ होते. पाहणाऱ्याला शंकाच राहत नाही. २००७ साली जोसेप डाल्माऊ यांनी अशा रुग्णांच्या रक्तात आणि मणक्याच्या पाण्यात मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या ग्राहक-स्थळांवर हल्ला करणारी प्रतिपिंडं दाखवली. पुष्कळ जणींच्या बीजांडकोशात गाठ सापडली. ती काढली, प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं दिली, की बहुतेक जणी सावरल्या. इथे उशीर महाग पडतो.

आणि एक गोष्ट खास नागपूरची. ख्रिस्ती उपवासकाळ (लेंट) भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चपासून एप्रिलपर्यंत. नेमकं तेव्हाच आपलं ऊन तापायला लागतं. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. लिथियम हा एक क्षार आहे, आणि मूत्रपिंड त्याला जवळजवळ मिठासारखंच वागवतं. अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, सोबत लिथियमही. रक्तात ते लिटरमागे ०.६ ते १.० मिलीमोलच्या आसपास हवं, १.५च्या वर विषबाधेची लक्षणं सुरू होतात: हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं. तीनशे मिलिग्रॅमच्या त्याच गोळ्या, जानेवारीत गुणकारी, एप्रिलच्या निर्जळी उपवासात घातक. डोकं दुखतं म्हणून वर आयबुप्रोफेन घेतली तर आणखी भर. स्किझोफ्रेनियाच्या काही गोळ्या घाम आणि शरीराचं तापमान यांत ढवळाढवळ करतात, त्यामुळे त्या रुग्णांना उष्माघात लवकर गाठतो. रात्रभर जागून केलेल्या प्रार्थनेचंही तेच: बायपोलर माणसाची झोप तुटली की उन्माद सुरू होऊ शकतो, आणि त्याच्या पहिल्या दिवसांत तो आत्म्याने भरलेला, तेजस्वी, न थकता गाणारा दिसतो. कॅथलिक नियमात उपवासाचे सक्तीचे दिवस फक्त दोन, भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे. त्यात पाणी वर्ज्य नाही आणि आजाऱ्यांना सूट आहे. बाकीच्या दिवसांचा उपवास लोक हौसेने आणि श्रद्धेने स्वतःवर ओढून घेतात, चर्चच्या हुकमाने नव्हे.

गोळी कधीच थांबत नाही, असंही नाही. नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर बरं वाटू लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवून ते हळूहळू उतरवतात. “मला सोडायची आहे” असं डॉक्टरांना सरळ सांगता येतं. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही, वेळापत्रक लिहून देतो. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, पागलखाना चौकाजवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे (चौकाचं नाव बदलायला हवं, तो वेगळा विषय), आणि फोनवर बोलायचं असेल तर सरकारची १४४१६ ही टेलि-मानस सेवा मोफत आहे, मराठीतही. ओपीडीत जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि जुना केसपेपर पिशवीत टाका. “ती छोटी पांढरी गोळी” एवढ्यावरून कोणत्याच डॉक्टरला काही कळत नाही; या आजारांवरच्या निम्म्या गोळ्या छोट्या आणि पांढऱ्याच असतात.