‘इथून परत फिरू’ म्हणण्याचा अधिकार : डोंगरातल्या वाटाड्यांची पार्श्वभूमी

१७६० साली जिनिव्हाचा एक वीस वर्षांचा तरुण, ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर, आल्प्समधल्या शामोनीच्या खोऱ्यात आला. समोरचा माँ ब्लाँ, आल्प्सचं सर्वांत उंच शिखर, पाहून तो इतका भारावला, की शिखरावर जायची वाट शोधून देणाऱ्याला त्याने बक्षीस जाहीर केलं. पैसे देऊन डोंगर चढायचा आणि वाट दाखवायला तिथल्या माणसाला सोबत घ्यायचं, या व्यवहाराची सुरुवात साधारण इथून धरायला हरकत नाही.

बक्षिसासाठी धडपडले ते गावातले शिकारी आणि स्फटिक वेचणारे. हिमनदीच्या भेगा त्यांना माहीत होत्या, कारण पोटासाठी तिथे जावंच लागे. त्यांच्यापैकीच एक असलेल्या जॅक बाल्माने १७८६च्या जूनमध्ये वर बर्फात एकट्याने रात्र काढली आणि जिवंत खाली आला. एवढ्या उंचीवर रात्र काढली की माणूस मरतो, असा तेव्हा सर्वांचा पक्का समज होता. तो मोडला, आणि ८ ऑगस्ट १७८६च्या संध्याकाळी बाल्मा आणि गावचा डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार शिखरावर उभे राहिले. पुढच्याच वर्षी सोस्यूर स्वतः चढला, तेव्हा त्याच्याबरोबर अठरा वाटाडे होते. शिड्या, तंबू, शास्त्रीय उपकरणं, सगळं त्यांच्या पाठीवर.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. हे अठरा जण वाट दाखवत होते, ओझी वाहत होते. पण जायचं की थांबायचं हे ठरवणार पैसे देणारा. डोंगर ज्याला कळतो त्याच्या हाती निर्णय नाही, ही गाठ सुटायला पुढची दीडशे-दोनशे वर्षं लागली, आणि मला तरी या व्यवसायाचा सगळा इतिहास त्या गाठीभोवतीच फिरताना दिसतो.

पहिला मोठा धक्का १८२० साली बसला. डॉ. हॅमेल या रशियन शास्त्रज्ञाची तुकडी खराब हवेमुळे माँ ब्लाँच्या वाटेवर अडकून पडली होती. वाटाड्यांचा कल मागे फिरण्याकडे होता, पण हॅमेल यांनी पुढे जाण्याचा आग्रह धरला, असं सांगितलं जातं. वर ताजं बर्फ सुटलं आणि तीन वाटाडे हिमनदीच्या भेगेत गाडले गेले. पाहुणे वाचले. त्या तिघांचे अवशेष १८६१ मध्ये, म्हणजे एकेचाळीस वर्षांनी, हिमनदीच्या खालच्या तोंडाशी बाहेर आले. त्या दिवशी वाचलेला एक वाटाड्या तेव्हा हयात होता आणि आपल्या सोबत्यांची ओळख त्याने पटवली. हिमनदी वाहते हे शास्त्रज्ञांनी मोजून सांगितलंच होतं. शामोनीने ते असं पाहिलं.

अपघातानंतर वर्षभरात, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. या प्रकारची ती जगातली पहिली. कामं पाळीने वाटायची, दर ठरलेला, आणि अपघातात गेलेल्याच्या घरच्यांसाठी मदतनिधी. पाळीची पद्धत पाहुण्यांना जाचक वाटे, कारण मनासारखा वाटाड्या निवडता येत नसे. तक्रार चुकीची नव्हती. तरीही मला या पाळीचं महत्त्व वाटतं. आज ‘नाही’ म्हटलं तर उद्या चूल पेटणार नाही, अशा माणसाला धोका दिसला तरी बोलता येत नाही. संघटनेने त्याच्या पाठीशी निदान थोडा आधार उभा केला. १८५० मध्ये माँ ब्लाँच्या पलीकडच्या, आजच्या इटलीतल्या कूरमायरलाही अशीच संघटना झाली.

मग आला तो काळ, ज्याला आल्प्सचं सुवर्णयुग म्हणतात : १८५४ ते १८६५. वकील, पाद्री, शिक्षक अशी सुट्टी आणि पैसा असलेली ब्रिटिश मंडळी दर उन्हाळ्यात येऊ लागली. १८५७ मध्ये लंडनला अल्पाइन क्लब हा गिर्यारोहकांचा क्लब निघाला, १८६३ मध्ये स्विस आणि इटालियन क्लब. त्याच १८६३च्या उन्हाळ्यात थॉमस कुक हा सहली काढणारा इंग्रज पहिली सहल घेऊन स्वित्झर्लंडला गेला, म्हणजे ज्यांना शिखर नको, फक्त हिमनदीच्या काठाने चालायचंय, अशा लोकांचाही ओघ सुरू झाला. वाटाड्याजवळ एक वही असे. मोहीम संपली की पाहुणा तिच्यात शेरा लिहून देई. पुढचं काम त्या शेऱ्यांवर ठरे. मेल्खिओर अँडरएगसारखे काही जण इतके नावाजले, की पाहुणेच त्यांच्या तारखा धरून सुट्टी आखत. त्याच्याबद्दल एक आठवण सांगतात. एका अवघड धारेकडे बोट दाखवून कोणी विचारलं, ‘जमेल का?’ तो म्हणाला, ‘जमेल, पण मी जाणार नाही.’

असं म्हणू शकणारे वाटाडे तेव्हा मोजकेच होते. १४ जुलै १८६५ रोजी स्वित्झर्लंड-इटली सीमेवरचा मॅटरहॉर्न पहिल्यांदा सर झाला तो सात जणांच्या, घाईघाईत जुळलेल्या तुकडीकडून. त्यातला डग्लस हॅडो एकोणीस वर्षांचा. त्याला घ्यायचं का, असा प्रश्न निघाला तेव्हा उत्तर मिळालं, की त्याने माँ ब्लाँ बहुतेकांपेक्षा कमी वेळात केलाय. माँ ब्लाँ म्हणजे बर्फातली लांबलचक चाल आणि मॅटरहॉर्न म्हणजे कातळ. हा फरक कोणी लक्षात घेतला नाही.

उतरताना सातही जण एका ओळीत बांधलेले. सर्वांत पुढे वाटाड्या मिशेल क्रो, त्याच्यामागे हॅडो. हॅडोचे पाय कातळावर ठरत नव्हते, म्हणून क्रोने आपली बर्फाची कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि त्याचे पाय हातात धरून एकेक करून खाचेत बसवू लागला. पाय बसवून तो स्वतः खाली उतरायला वळला, तेवढ्यात हॅडो घसरून त्याच्यावर आदळला. मागचे दोघे खेचले गेले. चौथा आणि पाचवा यांच्यामधला दोर तुटला. जवळच्या दोरांपैकी तो सर्वांत कमजोर होता. चौघे गेले, तिघे उरले. उरलेल्यांत पीटर टाऊगवाल्डर हा वाटाड्या होता. त्याने दोर कापला, अशी कुजबुज झाली. चौकशीत तो निर्दोष ठरला तरी ती त्याचा पिच्छा सोडेना. क्रोचे ते हात मात्र मला विसरता येत नाहीत. नवख्या माणसाला कड्यावर नेणं म्हणजे काय, ते त्या दोन हातांत दिसतं.

यानंतर धंदा थांबला नाही, पसरला. १८९९ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने आपल्या डोंगरातल्या हॉटेलांसाठी स्विस वाटाडे नेमले. न्यूझीलंडमध्ये १९१० साली फ्रेडा दू फोर ही माऊंट कुक चढणारी पहिली स्त्री ठरली, तीही पीटर आणि अलेक्स ग्रॅहम या वाटाड्यांबरोबर. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जॉन मॅकेन्झी आणि नॉर्मन कॉली हा रसायनशास्त्रज्ञ यांचं नातं तर गिऱ्हाईक-वाटाड्याच्या पार पलीकडे गेलं. दोघांच्या कबरी शेजारीशेजारी आहेत. दुसरीकडे काही जण वाटाड्याशिवाय चढू लागले, आणि तोही या धंद्याला उपकारकच बदल होता. वाट माहीत असणं एवढंच भांडवल पुरेनासं झालं. वाटाड्याला शिकवता यायला हवं, जोखीम मोजता यायला हवी.

हिमालयात मात्र जुनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून घडली. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिमलोटाखाली सात भारवाहक गेले. त्यांना कुठे न्यायचं हे ठरवणारे दुसरे होते. १९५३ मध्ये तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले आणि पुढच्या वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली, तेव्हा कालचा भारवाहक तिथे प्रशिक्षक झाला. १९६४ मध्ये जिमी रॉबर्ट्स या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने नेपाळमध्ये कंपनी काढली आणि शिखर नको असणाऱ्यांसाठी तंबू, स्वयंपाकी, शेर्पा यांच्यासह चालण्याच्या मोहिमा विकायला सुरुवात केली. आजचा ‘ट्रेक’ तिथला. १९८५ मध्ये डिक बास या अमेरिकन उद्योजकाला गिर्यारोहक डेव्हिड ब्रीशर्सने एव्हरेस्टवर नेलं आणि तेही विकता येतं हे दिसलं. १९९६च्या मे महिन्यात परत फिरण्याची वेळ उलटून गेल्यावरही काही जण शिखराकडे चालत राहिले. वादळात आठ जण गेले, त्यांत दोन व्यावसायिक मोहिमांचे प्रमुखही होते. पैसे घेतलेल्या माणसाने पैसे दिलेल्या माणसाला मागे वळवणं किती जड जातं, हे तिथे पुन्हा दिसलं.

कागदावरचे नियमही याच काळात आले. १९६५ मध्ये ऑस्ट्रिया, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीच्या वाटाड्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. त्याचा दाखला मिळवायला कातळ, बर्फ आणि स्की तिन्हींत पारंगत असावं लागतं. पायी भटकंतीचं नेतृत्व हे वेगळं कौशल्य आहे, हे मान्य व्हायला आणखी वेळ लागला. नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर हिमवादळात पाच शाळकरी मुलं आणि त्यांच्याबरोबरची एक प्रशिक्षणार्थी मदतनीस गेली. तिथे कडा नव्हता, दोर लागत नव्हता. होतं ते वारा, थंडी आणि झाकलेली वाट. मुलांना डोंगरात नेणाऱ्याकडे कोणती पात्रता हवी, या चर्चेला त्यानंतर धार आली. भटकंतीच्या नेत्यांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघ २००४ मध्ये झाला. त्यांच्या कामाची हद्द सोप्या शब्दांत अशी : जिथे दोर काढायचा बेत आधीच करावा लागतो, तिथे ती संपते.

या हद्दीवरच स्क्रॅम्बलिंग, म्हणजे हातांचा आधार घेत सोप्या कातळावरून चढणं, येतं, आणि माझ्या मते सर्वांत जास्त जाण इथे लागते. ब्रिटनमध्ये त्याच्या १ ते ३ अशा श्रेणी करतात. पहिल्या श्रेणीत अधूनमधून हात टेकावे लागतात, तिसरीत अनेकांना दोर लागतो. कातळ सोपा असतो, पण घसारा आणि दृष्टिभय (खालची खोली पाहून वाटणारी भीती) कड्यावरचंच. प्रत्येक पावलाला दोर अडकवायचा अँकर लावत बसलं तर अंधार पडेल, म्हणून वाटाडे दोर आखूड धरतात. दोन-तीन वेटोळी हातात, मधलं अंतर जेमतेम दीड-दोन मीटर, दोर कायम किंचित ताणलेला. मागच्याचा पाय डळमळला की तो झटका बनण्याआधीच हाताला कळतो. ही पद्धत वाचून येत नाही, आणि अर्धवट आली तर दोघांनाही घेऊन जाते.

मॅटरहॉर्नच्या नेहमीच्या वाटेवर आज एका वाटाड्यामागे एकच गिऱ्हाईक असतं. त्याआधी बहुतेक वाटाडे त्याला जवळच्या एखाद्या सोप्या कड्यावर नेतात. तो किती भराभर चढतो यापेक्षा उतरताना पाय कुठे टाकतो, हे पाहतात. पाय ठरत नसतील तर त्या वर्षी मॅटरहॉर्न होत नाही, आणि ते तिथेच, खाली, सांगितलं जातं.